भांडखोर माशांना कोणते रोप? दुकानदाराने खरे सांगावे

शोभेच्या माशांचा धंदा आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. कारंजा लाडसारख्या तालुक्याच्या गावीही दवाखान्यात, सलूनमध्ये, घराच्या बैठकीत काचेची टाकी ठेवण्याची हौस लोकांना आहे. मासे विकणारा, काच कापणारा, लोखंडी स्टँड जोडणारा वेल्डर, झाकण करणारा सुतार अशा चौघांना या हौसेतून काम मिळते. पण या धंद्याला एक जुने दुखणे आहे. गिऱ्हाईक आवडीने ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न मासा नेतो आणि दुकानदार त्याच्या हाती नाजूक पानांच्या दोन हिरव्या जुड्याही देतो. आठ दिवसांत जुड्या उपटून वर तरंगतात, पाने कुजतात, पाणी नासते आणि पुष्कळदा मासाही दगावतो. मग टाकी गच्चीवर पालथी पडते आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. जुडीत मिळालेल्या चार पैशांच्या नफ्यापायी कायमचे गिऱ्हाईक गेले, हा कसला व्यापार?

यात दोष माशाचा नाही आणि रोपाचाही नाही, तो निवडीचा आहे. त्यासाठी आधी मासा ओळखला पाहिजे. ज्या घराण्याला जाणकार सिक्लिड म्हणतात, ते आपल्याला अगदीच परके नाही. धरणातून आपल्या बाजारात येणारा तिलापिया याच घराण्यातला, आणि कोकणच्या खाड्यांतला कालुंदरही याच घराण्यातला. दुकानातला ऑस्कर मूळचा दक्षिण अमेरिकेतला असून तो फूटभर वाढतो. फ्लॉवरहॉर्न हा निसर्गातला मासाच नव्हे. माणसांनी संकर करून तो तयार केला आणि 1990 च्या दशकात मलेशियातून तो बाजारात आला. हे दोघेही रेती उकरतात, आणि विणीच्या दिवसांत तर तळ साफ करण्यासाठी वाटेत येईल ते उपटून टाकतात. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातल्या रंगीत माशांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतले पुष्कळसे दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारे असतात, त्यामुळे कोवळे पान दिसले की ते कुरतडतात. एंजल हाही सिक्लिडच, पण तो रोपांना सहसा त्रास देत नाही, उलट रुंद पानावर अंडी घालतो. तेव्हा गिऱ्हाइकाने रोप मागितले की दुकानदाराचा पहिला प्रश्न हाच असावा : टाकीत मासा कोणता आहे?

मासा उकरणारा असेल तर रेतीत मुळे रोवावी लागणारे रोप देऊच नये. दगडावर किंवा लाकडावर धरणारी दोन रोपे अशा टाकीसाठी उत्तम आहेत. एक पश्चिम आफ्रिकेतले अनुबियास, दुसरे आग्नेय आशियातले जावा फर्न. अनुबियास हे आपल्या अळूच्या कुळातले. त्याची पाने जाड, चामड्यासारखी असतात. कच्च्या अळूने घसा खाजतो तो खाजरा गुण या कुळातच आहे, म्हणून माशांनाही हे पान रुचत नाही. जावा फर्नचे पानही त्यांना आवडत नाही. दोन्ही रोपांचे खोड आल्यासारखे आडवे वाढते आणि ते रेतीत पुरले की कुजते. पुष्कळ दुकानदार गिऱ्हाइकाला एवढे एक वाक्य सांगत नाहीत, आणि चांगले रोप फुकट जाते. दोघांनाही प्रखर दिवा लागत नाही. अनुबियासवर जास्त उजेड पडला तर उलट पानावर शेवाळ धरते.

तिसरे रोप व्हॅलिसनेरिया, लांब पट्टीसारख्या पानांचे. ते आपल्या देशातल्या तळ्यांतही वाढते. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, भांड्यावर पांढरा थर धरते. असे पाणी व्हॅलिसनेरियाला चालते आणि मलावीच्या माशांनाही मानवते. मात्र हे रोप मुळे रोवणारे आहे. ते मातीच्या लहान कुंडीत लावून वर गोटे दाबले तरच उकरणाऱ्या माशापुढे तग धरते. चौथा उपाय सर्वांत स्वस्त, तो म्हणजे घरोघरी असलेले मनी प्लांट. त्याची पाने पाण्याबाहेर ठेवावीत आणि मुळे टाकीच्या कोपऱ्यात भोकाच्या डब्यात सोडावीत. मोठ्या माशाची घाण पाण्यात विरघळून विषारी होते. तिच्यातला काही भाग ही मुळे शोषून घेतात. तरी दर आठवड्याला थोडे पाणी बदलणे चुकत नाही, हेही सांगून ठेवावे.

आता धंद्याची गोष्ट. आमचे मत असे की भांडखोर माशांच्या गिऱ्हाइकाला सुटे रोप विकूच नये, रोप धरलेला दगड विकावा. आपल्या भागात काळ्या पाषाणाला तोटा नाही. तो धुऊन, घासून घ्यावा आणि त्यावर अनुबियासचा चार-पाच पानांचा तुकडा नायलॉनच्या तंगूसाने बांधावा. मग तो सावलीतल्या टबात, मासे न सोडता, महिना-दोन महिने ठेवावा. मुळांनी दगड पकडला की तो माल तयार. एका मोठ्या रोपाचे असे कितीतरी तुकडे होतात, आणि जावा फर्नच्या पानावर तर आपोआप पिल्ले फुटतात. मुंबईच्या कुर्ल्यातून किंवा कोलकात्याहून एकदा माल आणला की पुढचे बियाणे आपल्या टबातच. कुंभाराने बुटक्या, जड बुडाच्या कुंड्या करून द्याव्यात. त्यांत व्हॅलिसनेरिया लागेल, आणि आडव्या ठेवल्या तर मार खाणाऱ्या माशाला लपायला जागाही होईल. गावच्या कारागिराला काम मिळेल आणि गिऱ्हाइकाला टिकाऊ वस्तू.

दगडाविषयी एक इशारा. तो रेतीवर ठेवू नये. आधी टाकीच्या बुडाशी पातळ थर्माकोल घालून त्यावर दगड बसवावा आणि मग रेती ओतावी. नाहीतर मासा खालून उकरतो, दगड कलंडतो आणि काच फुटते. स्टँड करणाऱ्यानेही हिशेब ध्यानात ठेवावा. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे 250 लीटर पाणी मावते, म्हणजे पाण्याचेच वजन अडीच क्विंटल. दगड, रेती आणि काच वेगळीच.

ऋतूचाही विचार हवा. वैशाखात विदर्भाचा पारा 43-44 अंशांवर जातो. पाणी 30 अंशांवर गेले की जावा फर्नची पाने काळी पडू लागतात आणि माशालाही हवा कमी पडते. म्हणून नवा माल दिवाळीनंतर आणावा, मे महिन्यात आणू नये. उन्हाळ्यात टाकीवर जाळी टाकून पंखा लावायला सांगावे.

काही जण म्हणतील, एवढी यातायात कशाला, प्लास्टिकचे रोप द्यावे. द्यायला हरकत नाही, पण ते पाणी शुद्ध करीत नाही, हे सांगून द्यावे. फ्लॉवरहॉर्न नशीब उघडतो असे सांगून तो चढ्या भावाने विकणारेही आहेत. मासा मासा म्हणून विकावा, नशीब म्हणून विकू नये. मालातला दोष गिऱ्हाइकाला आधी सांगावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही, आणि बरकतही त्यातच आहे.

शेवटची सूचना. कंटाळलेला ग्राहक मासा तलावात किंवा धरणात सोडायला निघाला तर त्याला थांबवावे. तिलापिया 1952 साली परदेशातून आपल्या देशात आणला गेला आणि पुढे ठिकठिकाणच्या पाण्यात पसरून देशी माशांच्या मुळावर उठला. तो मासा दुकानदाराने परत घ्यावा. परत घेणारे दुकान गिऱ्हाईक विसरत नाही, आणि लहान गावात धंदा याच ओळखीवर उभा राहतो.