व्याज मागावे का लागते?

कशेडी घाटात पावसाळ्यात कोसळलेली दरड बाजूला करणारा, तुंबलेली मोरी मोकळी करणारा मैलकुली उभी हयात रस्त्यावर घालवतो. १९६७ च्या कालेलकर करारामुळे सार्वजनिक बांधकाम खात्यातील रोजंदारी कामगाराला सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर येण्याचा मार्ग मिळाला. परंतु निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तकातील एखादी जुनी नोंद अपुरी निघाली, की त्याच्या हक्काचे पैसे अडून राहतात. नोंद ठेवणे कचेरीचे काम होते. उपासमार मात्र त्याच्या वाट्याला येते.

निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नकारा खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. दोनच वर्षांनी पद्मनाभन नायर खटल्यात, अक्षम्य विलंब झाल्यास बाजारदराने व्याज द्यावे लागेल, असा निर्णय झाला. २००८ च्या दुआ खटल्याने तर नियम नसला तरी घटनेच्या आधारे व्याज मागता येते, हेही मान्य केले.

महाराष्ट्रात नियम आहेच. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतील नियम १२९-अ प्रमाणे उपदानाला तीन महिन्यांपेक्षा अधिक उशीर झाल्यास पुढील काळाचे व्याज भविष्यनिर्वाह निधीच्या दराने द्यावयाचे असते. अट एवढीच, की विलंब प्रशासकीय दिरंगाईमुळे झाल्याचे स्पष्टपणे सिद्ध व्हावे. मेख येथेच आहे. ज्या कचेरीने दिरंगाई केली, तिचीच कागदपत्रे पुरावा. आणि ती कागदपत्रे तिच्याच कपाटात. पोलादपूरच्या वाडीवरील म्हाताऱ्याने ती कशी मिळवावी?

पाच लाखांचे उपदान दोन वर्षे अडले, तर सहा टक्के सरळ व्याजाने साठ हजार रुपये होतात. ही रक्कम दंड नव्हे, भीकही नव्हे. त्याचेच पैसे सरकारने वापरले, त्याचा तो मोबदला आहे. शेतसारा थकला तर सरकार अर्जाची वाट पाहत नाही. मग सरकारकडे थकलेल्या पैशांसाठी श्रमिकाने अर्ज का करावा?

म्हणून मुदत उलटताच देयकाबरोबर व्याज आपोआप जोडले जावे, आणि विलंब आपल्यामुळे झाला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कचेरीवर असावी, अशी नियमदुरुस्ती मागितली पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी निवृत्तीच्या दोन वर्षे आधीच प्रत्येक कामगाराचे सेवापुस्तक तपासून घ्यावे आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची तारखेसह पोच जपावी. न्यायालयातील विजय वाडीपर्यंत पोहोचतो तो अशाच कष्टाने.