भुताचा खाऊ घरचाच बरा

ऑक्टोबर संपत आला की महानगरांतील मॉलच्या काचांमागे नारिंगी भोपळे, काळी मांजरे आणि प्लास्टिकचे सांगाडे दिसू लागतात. ‘हे आपले नव्हे’ असे म्हणून नाक मुरडणारे जसे आहेत, तसेच मुलांच्या हट्टापुढे मान तुकवणारेही आहेत. त्या वादात मला शिरायचे नाही. मात्र ज्या देशांत ३१ ऑक्टोबरची ही रात्र परंपरेने साजरी होते, तेथील त्या रात्रीच्या खाण्यापिण्याची हकिकत आपल्या वाचकांना, विशेषतः बँकेत काम करणाऱ्यांना, ठाऊक असावी असे मला वाटते. वरवर पाहता ती भुताखेतांची आहे. प्रत्यक्षात ती ‘पत’ या गोष्टीची आहे.

हॅलोविनचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडे सापडते. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेतील सर्व संतांचा दिवस आणि हॅलोविन ही त्याची पूर्वसंध्या. सुगी संपून हिवाळा लागताना मृतांचे आत्मे घराकडे फिरकतात, अशी तेथील जुनी समजूत. आयर्लंडमध्ये त्या रात्री ‘बार्मब्रॅक’ नावाचा, मनुका-बेदाणे घातलेला गोडसर पाव कापला जातो. पूर्वी त्याच्या पिठात काही वस्तू दडवून ठेवीत. ज्याच्या तुकड्यात अंगठी निघेल त्याचे वर्षभरात लग्न, नाणे निघेल त्याला धनलाभ, आणि चिंधी निघेल त्याच्या नशिबी दारिद्र्य! चिंधी मिळालेल्या पाहुण्याने हसून पाव खावा, हा त्या खेळाचा नियम. (कर्जाचा अर्ज नामंजूर झाल्यावर ग्राहकाने इतक्याच खेळकरपणे तो परत घ्यावा, अशी अपेक्षा मात्र आम्ही करीत नाही.) सांगायचे एवढेच, की भयाची गंमत ताटात वाढण्याची कल्पना कोणा मिठाई कंपनीची नव्हे. ती स्वयंपाकघरातच जन्मली.

एकोणिसाव्या शतकात स्थलांतरितांबरोबर ही रात्र अमेरिकेत गेली. सलगम कोरून केलेल्या दिव्यांची जागा भोपळ्याने घेतली. पुढे मुलांनी सोंगे घेऊन दारोदार जायचे व खाऊ मागायचा ही चाल रुळली. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशनिंग होते, ते १९४७ मध्ये उठले आणि या प्रथेने खरा जोर धरला. त्या काळी मुलांच्या पिशवीत घरची बिस्किटे, साखरेच्या पाकात वळलेले पॉपकॉर्नचे लाडू, सफरचंदे, शेंगदाणे असे काहीही पडत असे.

मग भीती शिरली, आणि ही भीती गमतीची नव्हती. अनोळखी माणसे खाऊत विष घालतात, सफरचंदात पाती खुपसतात, अशा वार्ता पसरू लागल्या. १९७४ साली टेक्सासमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा हॅलोविनच्या रात्री सायनाइड मिसळलेली गोड पूड खाऊन मरण पावला, तेव्हा साऱ्या देशाला त्या वार्तांचा पुरावाच मिळाल्यासारखे वाटले. तपासात निघाले ते निराळेच. विष घालणारा कोणी परका नव्हता; तो मुलाचा बाप, रोनाल्ड ओब्रायन होता. त्याच्या डोक्यावर मोठे कर्ज होते आणि मुलांच्या नावे त्याने आयुर्विमा उतरवला होता. १९८४ मध्ये त्याच्या देहान्ताच्या शिक्षेची अंमलबजावणी झाली. कर्ज आणि विमा या आमच्या रोजच्या कागदपत्रांतल्या शब्दांचे असे रूप वाचताना अंगावर काटा येतो.

जोएल बेस्ट या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने अनेक दशकांच्या वृत्तपत्रांतील अशा बातम्या तपासल्या आहेत. अनोळखी घरातून मिळालेल्या हॅलोविनच्या खाऊतील विषाने मूल दगावल्याची एकही सिद्ध झालेली घटना त्यांना आढळलेली नाही. परंतु अफवेला हिशेब तपासनीस नसतो. १९८२ मध्ये शिकागो परिसरात औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड भरल्यामुळे सात माणसे मेली. तो प्रकार हॅलोविनच्या तोंडावरच घडल्याने उरलासुरला विश्वासही उडाला. आज तेथे दारात मिळतो तो कारखान्यात बांधलेला, वेष्टनातला खाऊ. घरी केलेला पदार्थ बहुतेक पालक मुलांच्या पिशवीतून काढून टाकतात.

माझी एक मावसबहीण न्यू जर्सीत राहते. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती, त्यामुळे घरी फराळ तयार. दारी येणाऱ्या मुलांना रव्याचे लाडू द्यावेत म्हणून तिने ते छोट्या पिशव्यांत बांधलेही होते. शेजारच्या बाईंनी अगदी सौजन्याने समजावले, ‘मुले घेतील, पण ते कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत जातील.’ तिने दारात चॉकलेटे ठेवली. लाडू मात्र घरातल्या पार्टीत मांडले, ओळखीच्या आठ-दहा मुलांपुढे आणि त्यांच्या आईबापांपुढे. रव्याच्या लाडवावर बेदाणा असतोच. त्याभोवती बिटाच्या आटवलेल्या रसाने बारीक तांबड्या शिरा काढल्या आणि झाला रक्ताळलेला डोळा! एकही उरला नाही, असे तिने फोनवर सांगितले.

म्हणून माझे मत असे, की हॅलोविनची पार्टी करायची असेल तर तिचा खाऊ घरीच करावा. दारोदारच्या व्यवहारातून हद्दपार झालेले हाताने करून खाऊ घालणे आता पार्टीच्या टेबलावरच शिल्लक आहे. तयार ‘भुताचे केक’ व रंगीत गोळ्या मागवून तेही कारखान्याच्या स्वाधीन करण्यात काय हशील? शिवाय या खाण्याची सगळी मजा करण्यात आहे. मुलांनी हात माखून केलेले कुरूप भूत बेकरीच्या सुबक भुतापेक्षा नेहमीच अधिक भीतिदायक असते.

यातील सर्वांत खात्रीचा पदार्थ म्हणजे चेटकिणीची बोटे. पन्नास ग्रॅम पिठीसाखर, शंभर ग्रॅम लोणी व दीडशे ग्रॅम मैदा एकत्र मळावा. गोळा जमेना तर चमचाभर दूध घालावे. बोटे आपल्या करंगळीहूनही बारीक वळावीत, कारण भट्टीत ती पसरतात आणि चेटकिणीऐवजी पैलवानाची दिसू लागतात. पेरांच्या जागी सुरीने आडव्या रेघा द्याव्यात. टोकाला बदाम दाबला की नख होते. साल काढलेला बदाम स्वच्छ नखाचा, सालीसकट बदाम मळक्या नखाचा. मला दुसरा प्रकार पसंत. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग १६० ते १७० अंश सेल्सिअसवर साधारण वीस मिनिटे भाजावीत. निवाल्यावर नख अलगद उचकटून खाली लाल जॅम लावावा व पुन्हा चिकटवावे. जॅम कडेने ओघळतो. तो ओघळ हाच या पदार्थाचा प्राण.

पेयांत आपल्याकडच्या दोन वस्तू फार उपयोगी पडतात. एक कोकम. त्याच्या सरबताचा तांबडा रंग मोठ्या काचेच्या भांड्यात रक्ताची आठवण करून दिल्यावाचून राहत नाही. त्यात डब्यातल्या बिनबियांच्या लिचीत काळे द्राक्ष बसवून सोडावे. तरंगते डोळे तयार. (पाच वर्षांखालील मुलांना अख्खे द्राक्ष किंवा लिची देऊ नये, घशात अडकते, द्राक्ष उभे चिरून चार फोडी कराव्यात.) दुसरी वस्तू निळी गोकर्ण. तिची मूठभर वाळलेली फुले गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून गाळली की गडद निळे पाणी मिळते. त्यात लिंबू पिळताच ते सर्वांदेखत जांभळे होते. फुलातील रंगद्रव्य आम्लाने पालटते, एवढेच त्यामागचे शास्त्र. पण दिवे मंद करून एखाद्या मुलाच्या हातून लिंबू पिळून घ्यावे आणि बाकीच्यांचे चेहरे पाहावेत.

पेल्यातून धूर निघावा म्हणून अलीकडे ड्राय आइस वापरण्याची हौस वाढली आहे. हा घनरूप कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राम येथील एका कॅफेत जेवणानंतर मुखशुद्धी समजून ड्राय आइस तोंडात टाकलेल्या पाच जणांना रक्ताच्या उलट्या होऊन रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हा पेल्यात त्याचा तुकडा कधीही घालू नये. वापरायचाच असेल तर जाड हातमोजे घालून मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात टाकावा आणि त्याच्या आत पेयाचे वेगळे भांडे ठेवावे. धूर बाहेरून ओसंडतो, पेय निर्धोक राहते. घट्ट झाकणाच्या डब्यात तो ठेवला तर डबा फुटू शकतो. खिडक्याही उघड्या असाव्यात, कारण हा वायू जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि तिथेच लहान मुले खेळत असतात. माझ्यापुरते सांगायचे तर गोकर्णीचे पाणी असताना या उपद्व्यापाची मला गरज वाटत नाही. थंडपणा हवा असेल तर बिनपावडरीचा हातमोजा आतून धुऊन त्यात पाणी भरावे, तोंड बांधून रात्रभर गोठवावे आणि बर्फाचा पंजा कोकमात सोडावा. मोजा ओढून काढू नये, बोटे मोडतात, कात्रीने कापावा.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. या पदार्थांची नावे वाटेल तितकी खोटी असावीत, घटक खरे सांगितले पाहिजेत. ‘मेंदूची चटणी’ अशी पाटी लावावी, पण तिच्याच खाली अक्रोड, दूध, मैदा, अंडे जे असेल ते स्वच्छ अक्षरांत लिहावे. कोणाला दाण्यांची ॲलर्जी असते, कोणी शाकाहारी असतो, कोणाचा उपवास असतो. आमच्या क्षेत्रात अटी बारीक अक्षरांत छापल्या जातात अशी ग्राहकांची जुनी तक्रार आहे. निदान भुताच्या टेबलावर तरी ती येऊ देऊ नये. आणि बोटे उरलीच, तर हवाबंद डब्यात आठवडाभर कुरकुरीत राहतात. नखे तेवढी आधी कोणीतरी काढून खाल्लेली असतात.