तळटीप कुणासाठी?

दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला मी कविता पाठवली. संपादकांचा फोन आला. कविता आवडली म्हणाले, छापतो म्हणाले. फक्त एक अडचण होती. "बाई, ते 'अय्यूबचा सब्र' आणि 'कर्बला' आमच्या वाचकांना कळणार नाही. खाली तळटीप द्या." मी लगेच टीप लिहून दिली. फोन ठेवल्यावर लक्षात आले, त्याच कवितेत दोन ओळी वर 'कुरुक्षेत्र' होते, 'अश्वत्थामा' होता. त्यांची टीप कुणी मागितली नव्हती.

संपादक सज्जन गृहस्थ आहेत. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. 'आमचे वाचक' म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर जो वाचक होता, त्यात मी नव्हते, माझी आई नव्हती, माझ्या वर्गातली बावन्न मुले नव्हती, एवढेच. पण खरा राग मला स्वतःचा आला. मी मुकाट्याने टीप लिहून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे वर्गात उभी राहून फळ्यावर लिहिले: 'भगीरथ प्रयत्न करणे – खूप प्रयत्न करणे.' म्हणजे मराठी वाचकाला कर्बला समजावून सांगायची जबाबदारी मी घेतली, आणि उर्दू माध्यमाच्या मुलांना भगीरथ समजावून सांगायची टाळली.

मी गिरगावच्या वेशीवरच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. मुले खेतवाडी, नळबाजार, दोन टाकी, भेंडीबाजार इथून येतात. घरात कुणी उर्दू बोलते, कुणी भोजपुरी, कुणी आमच्यासारखे कोकणी. रस्त्यावर सगळ्यांची एकच मुंबईची हिंदी. घटक चाचणीत मी 'भगीरथ प्रयत्न करणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरायला दिला होता. एका मुलाने लिहिले: 'आमच्या बिल्डिंगचा वॉचमन भगीरथ याने पाण्याची मोटर चालू करायला खूप प्रयत्न केले.' गाइडात दिलेला अर्थ त्याने बरोबर वापरला होता. व्याकरण शुद्ध होते. मी पूर्ण गुण दिले. शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्यावर हसलोही. आज त्या हसण्याची लाज वाटते. मुलगा चुकला नव्हता. त्याला जे दिले, तेच त्याने परत केले होते.

पुढच्या आठवड्यात मी गाइड मिटून ठेवले आणि गोष्ट सांगितली. सगर राजाचे साठ हजार पुत्र कपिल मुनींच्या नजरेने जळून राख झाले. त्यांच्या मुक्तीसाठी त्यांचा वंशज भगीरथ याने तप करून गंगा स्वर्गातून खाली आणली. वर्ग शांत होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, "मिस, म्हणजे हा फरहादसारखा? त्यानेसुद्धा डोंगर फोडून नहर आणली."

अध्यापक महाविद्यालयात आम्हांला 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र घोकायला लावले होते. पाठ टाचणात 'पूर्वज्ञान' नावाचा एक रकाना असतो. दहा वर्षे मी त्यात काहीतरी लिहून वेळ मारून नेत होते. त्या दिवशी कळले की पूर्वज्ञान मुलांकडे होते, मीच कधी विचारले नव्हते.

मग तास रंगला. मी विचारले, दोघांनी पाण्याला वाट करून दिली, मग फरक काय? मुलांनीच शोधून काढला. फरहादने शिरीनसाठी पहाड कोरला, पण शिरीन मेल्याची खोटी बातमी आली आणि त्याने जीव दिला. भगीरथ यशस्वी झाला, आणि त्याचे कष्ट स्वतःसाठी नव्हते, पूर्वजांसाठी होते. म्हणजे लेखक 'कोहकन' म्हणतो तेव्हा कष्टांबरोबर हार येते, 'भगीरथ' म्हणतो तेव्हा कष्टांबरोबर फळ येते. मग वॉचमनच्या मोटरीला कुठला शब्द शोभेल? एक मुलगा म्हणाला, "मोटर शेवटपर्यंत चालूच नाही झाली मिस, तो फरहाद." याला म्हणतात संदर्भाचे विश्लेषण. बारा-तेरा वर्षांची मुले ते करू शकतात. गाइड करू शकत नाही.

उर्दूत याला नाव आहे: तलमीह. शब्दाचा मूळ अर्थ ओझरती नजर टाकणे. शायर एक शब्द टाकतो, तूर, यूसुफ, मनसूर, आणि त्या शब्दामागची अख्खी कथा क्षणभर दिसून जाते. ज्याला कथा ठाऊक नाही त्याला फक्त शब्द दिसतो. उर्दूचे शिक्षक तलमीह शिकवतात, निदान तिला नाव तरी देतात. मराठीच्या तासाला तीच गोष्ट 'वाक्प्रचार' या पोत्यात भरली जाते. तिथे 'नाक मुरडणे' आणि 'लक्ष्मणरेषा ओलांडणे' शेजारी शेजारी, एकाच भावाने, एकेका गुणाला. एक शरीराची हालचाल आहे, दुसऱ्याच्या मागे रामायणाचे एक कांड आहे. दोघांना एकच वागणूक देणाऱ्याने भाषा शिकवली असे कसे म्हणायचे?

आता मी मुलांना तीन प्रश्न लावून दिले आहेत. हा कोण? त्याचे काय झाले? आणि लेखकाने त्याला इथेच का बोलावले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोशात मिळतात. पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या 'भारतीय संस्कृतिकोशा'चे दहा खंड आहेत, सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा 'प्राचीन चरित्रकोश' आहे. तिसऱ्याचे उत्तर कोशात नाही, ते ओळीतच शोधावे लागते. कर्ण कधी दानशूर म्हणून येतो, कधी जातीमुळे डावललेला म्हणून येतो. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने १९६७ साली त्याला घरोघरी नायक केले. एकलव्याला शाळेच्या पुस्तकाने आज्ञाधारक शिष्य केले होते, दलित कवींनी त्याच्या तुटलेल्या अंगठ्याचा जाब द्रोणाकडे मागितला. मनसूर हल्लाजला ९२२ साली बगदादमध्ये मृत्युदंड दिला, आणि हजार वर्षांनी तुरुंगात टाकलेल्या तरक्कीपसंद शायरांनी त्याचा फास आपल्या गळ्याशी जोडला. एकच नाव, पण बोलावणारा बदलला की अर्थ बदलतो.

सगळेच संदर्भ धर्माचे नसतात, हेही सांगायला हवे. 'ध चा मा करणे' घ्या. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आख्यायिका अशी की, पत्रातल्या 'धरावे'चे कुणीतरी 'मारावे' केले. हे सांगताच माझा वर्ग खदखदून हसला, कारण उर्दू लिहिणाऱ्या मुलाला हे दुःख रोजचे आहे. आमच्या लिपीत एका नुक्त्याने 'दुआ'चा 'दगा' होतो आणि 'महरम'चा 'मुजरिम'. पेशवाईतल्या त्या पत्राची गोम माझ्या मुलांइतक्या चटकन कुणाला कळणार आहे?

आता ज्यांच्याशी माझे भांडण आहे त्यांच्याकडे येते. ते तीन ठिकाणी बसले आहेत.

पहिले प्रशिक्षणात भेटतात. एका शिबिरात मी हा मुद्दा मांडला तेव्हा तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणाले, "तुमच्या मुलांना ते जमणार नाही. अर्थ पाठ करून घ्या, पास झाली म्हणजे झाले." 'तुमची मुले' हा शब्द मी वहीत लिहून ठेवला आहे. मराठी सर्व शाळांत सक्तीची करणारा कायदा २०२० साली राज्याने केला. पण सक्तीने मूल फार तर मराठीच्या दारापर्यंत येते. आत काय आहे ते दाखवायचेच नसेल, तर त्या सक्तीचा उपयोग काय? आणि मराठी माध्यमाची मुले तरी कुठे वेगळी आहेत? माझ्या ओळखीच्या शिक्षिका सांगतात, 'सुदाम्याचे पोहे' म्हटल्यावर त्यांच्याही वर्गात कोरे चेहरे दिसतात. ज्याला आपण आमच्या मुलांची कमतरता म्हणतो, ती आपल्या शिकवण्याची कमतरता आहे.

दुसरे आपल्यातच आहेत. भगीरथाच्या तासानंतर एक पालक शाळेत आले. आदबीने बोलले, पण म्हणणे स्पष्ट होते: "टीचर, मुलांना देवादिकांच्या गोष्टी कशाला? इमानाचा सवाल आहे." मी त्यांना बदायूनीची हकीकत सांगितली. मुल्ला अब्दुल कादिर बदायूनी हा अकबराच्या दरबारातला कट्टर आलिम. बादशहाने महाभारताचे फारसी भाषांतर करवले, त्याचे नाव 'रज्मनामा'. त्या कामात बदायूनी होता, आणि रामायणाचे भाषांतरही त्याच्याच माथी आले. त्याला ते मुळीच आवडले नाही, कुरकुरत केले आणि ती कुरकुर लिहूनही ठेवली. पण त्याचे इमान कुठे गेले नाही. जाणणे म्हणजे मानणे नव्हे. नजीर अकबराबादी कृष्णाच्या बाळपणावर लिहून गेला, इकबालने रामावर नज्म लिहिली, आणि ज्या दूरदर्शनवरच्या 'महाभारता'साठी रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, त्याचे संवाद राही मासूम रजा यांनी लिहिले होते. आपल्या मराठीतच पाहा. श्रीगोंद्याच्या शेख महंमदाने 'योगसंग्राम' लिहिला तो दुसऱ्याची परंपरा बाहेरून न्याहाळत नव्हे, तिच्या आत बसून. त्याला आपण भाषणात मिरवायचे आणि वर्गात त्याच्या भाषेची दारे बंद ठेवायची, हे ढोंग आहे.

त्या पालकांनी शेवटी एक प्रश्न विचारला, आणि तो खरा होता: "आम्ही त्यांच्या गोष्टी शिकायच्या. ते आमच्या शिकणार का?"

इथे तिसरे येतात. मराठी साहित्याचे कारभारी. दर मोहरमला भेंडीबाजारात सबिली लागतात. जाणारा-येणारा थांबून पाणी पितो, सरबत पितो, त्यात गिरगावातले शेजारीही असतात. पण पाणीच का, हे किती जणांना माहीत असते? फुरात नदी समोर असताना तहानेने तळमळलेली मुले किती जणांना आठवतात? उलट माझी मुले भाद्रपदात गिरगावातून जाताना देखावे बघतात. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतो. समुद्रमंथन, हिरण्यकश्यपू, सगळे त्यांनी पाहिलेले असते, कथा मात्र ठाऊक नसते. आम्ही गोष्टीविना देखावा बघतो, ते गोष्टीविना सरबत पितात. दोन वस्त्यांमध्ये चालत दहा मिनिटांचे अंतर आहे. भालेराव मार्गावर १९३५ साली स्थापन झालेला मराठी साहित्य संघ आहे, त्याची पायरी माझ्या एकाही विद्यार्थ्याने चढलेली नाही. आणि तिथल्या किती जणांनी कधी एखादा मुशायरा ऐकला आहे?

न कळणे हा गुन्हा नाही. गालिबच्या दीवानातल्या पहिल्याच शेरातली कागदी वस्त्रे लोकांना कळेनात, तेव्हा त्याने स्वतः पत्रातून खुलासा केला की इराणात फिर्यादी कागदी कपडे घालून हाकिमापुढे जात. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना त्यातले कितीतरी शब्द कळले नव्हते. त्यांनी ते लपवले नाही, कवीला विचारून घेतले. गोपीचंद नारंग यांनी कर्बला हे उर्दू शायरीत रूपक कसे झाले यावर अख्खे पुस्तक लिहिले. आपल्या यू. म. पठाणांनी जन्मभर संतसाहित्य आणि महानुभाव वाङ्मय अभ्यासले, आणि १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठीला परक्या कथा पचत नाहीत असेही नाही. 'अल्लादीनचा दिवा' आज कुणाला टिपेविना कळत नाही? कारण कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पुण्याच्या शास्त्र्याने 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला सुरुवात केली आणि पिढ्यांनी त्या वाचल्या. अल्लादीन मराठी होऊ शकतो, तर अय्यूब का नाही?

आणि एक बोट आपल्या लेखकांकडेही. आपल्यातले काही जण 'मुख्य प्रवाहात' जायचे म्हणून कवितेतून तूर आणि फुरात काढून टाकतात आणि त्या जागी कर्ण, एकलव्य बसवतात, तेही गाइडातल्यासारखे: कर्ण म्हणजे दानशूर, संपले. काही जण उलट, प्रत्येक कडव्यात एक तलमीह ठेवतात, दिवाणखान्यात शोभेची तलवार ठेवावी तशी. दोघांनीही तिसरा प्रश्न स्वतःला विचारलेला नाही: याला इथेच का बोलावले?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. उर्दू शाळांतल्या मराठीच्या शिक्षकांनी आठवड्यातला एक तास गाइड मिटून गोष्टीला द्यावा, आणि उर्दूच्या शिक्षकाला सोबत घ्यावे. तोच तास मराठी शाळांनी यूसुफला, अय्यूबला, फरहादला द्यावा. परीक्षेत वाक्प्रचाराचा अर्थ विचारण्याऐवजी, तो शब्द तिथे का आला हे विचारावे. आणि या अंकाच्या संपादकांना विनंती: यंदा माझी कविता आलीच, तर 'कर्बला'ची टीप छापण्याआधी 'कुरुक्षेत्र'चीही छापा. नाहीतर दोन्ही गाळा. ज्याला कळणार नाही तो विचारील. माझ्या वर्गातल्या मुलीने विचारले तसे.