गणंग, लाही आणि ग्रॅनोला

पाककृती हा वाङ्मयप्रकार आहे काय, असा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमांत कधी विचारला जात नाही. वास्तविक तो विचारायला हवा. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचे माप मराठी घरांत रुजवले, तेव्हा केवळ स्वयंपाक बदलला नाही, स्वयंपाकाविषयी बोलण्याची भाषाही बदलली. ‘अंदाजाने’ या शब्दाची जागा आकड्याने घेतली. आज ‘घरच्या घरी ग्रॅनोला’ या मथळ्याखाली जो मजकूर मराठीत लिहिला जातो, तो वाचताना भाषेचे आणखी एक स्थित्यंतर चालू असल्याचे जाणवते. त्याविषयी थोडेसे.

ग्रॅनोला म्हणजे ओट्स, सुका मेवा, बिया, मध वा साखर आणि थोडे तेल एकत्र करून मंद आचेवर कुरकुरीत भाजलेले मिश्रण. त्याचा उगम न्याहारीच्या हौसेत नाही, पथ्यात आहे. जेम्स केलेब जॅक्सन या अमेरिकन आरोग्यगृहचालकाने १८६३ साली कोंड्यासहित गव्हाच्या पिठाची पोळी दोनदा भाजून तिचा चुरा केला. त्याला ‘ग्रॅन्युला’ असे नाव दिले. तो इतका टणक होता की रात्रभर भिजत घातल्याशिवाय खाता येत नसे. पुढे जॉन हार्वे केलॉग यांनी तसाच पदार्थ त्याच नावाने काढला आणि वाद झाल्यावर एक अक्षर बदलून ‘ग्रॅनोला’ केले. म्हणजे हा शब्द कोणाच्या बोलण्यातून आलेला नाही. तो बाजारासाठी घडवलेला आहे.

आता ‘लाही’ पाहा. संस्कृत ‘लाजा’पासून आलेला हा शब्द लग्नातल्या लाजाहोमात आहे, नागपंचमीच्या नैवेद्यात आहे आणि उन्हाने अंगाची लाही लाही होते तेव्हा आपल्या कातडीतही आहे. एका शब्दाच्या मागे विधी, ऋतू आणि देहाची वेदना अशा तिन्ही गोष्टी उभ्या आहेत. ग्रॅनोलाच्या मागे अद्याप असे काहीच नाही. याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही. शब्दाला असे संचित जमवायला पिढ्या जाव्या लागतात.

बालाघाटाच्या रांगांतले केज तालुक्यातील नांदूरघाट हे माझ्या आत्याचे गाव. लाह्या करण्याची तिची रीत अशी: आदल्या संध्याकाळी ज्वारी गरम पाण्यात थोडा वेळ भिजवायची, निथळून फडक्यात घट्ट बांधून रात्रभर दडपून ठेवायची. सकाळी तापलेल्या लोखंडी कढईत मूठभरच दाणे टाकायचे आणि कापडाच्या बोळ्याने सतत फिरवायचे. दाण्यात मुरलेल्या ओलाव्याची वाफ होते, टरफल ती कोंडून धरते आणि दाब असह्य झाला की दाणा फुटून आतला पांढरा पिष्टमय भाग फुलून बाहेर येतो. ओल कमी पडली किंवा टरफल आधीच तडकलेले असले, तर दाणा फुटत नाही. तो गणंग.

मागच्या दिवाळीत मी शहरातून विकतच्या ग्रॅनोलाचा डबा घेऊन गेलो. आत्याने मूठभर तळहातावर घेतले, बोटाने चाळले आणि विचारले, “बाळा, ह्यात गणंग कसं न्हाई रं एकबी?” मला उत्तर देता आले नाही. यंत्राने दाबून चपटे केलेल्या ओट्समध्ये फुटण्या-न फुटण्याचा प्रश्नच नसतो, हे तिला सांगून काय उपयोग? मग तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, “सुकडीवाणी लागतंय.”

इथे माझा लेख खरे तर संपायला हवा होता. कारण ‘आमच्याकडे हे सगळे आधीपासून होतेच’ हे सुखद विधान करण्याच्या तयारीनेच मी गेलो होतो. परंतु सुकडी हा शब्द त्या विधानाच्या आड आला. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. रेशनवर परदेशातून आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी मिळत होती आणि कामावर सुकडी वाटली जात होती. तोही कोरडा, गोडसर, पौष्टिक म्हणून दिलेला खाऊच. आत्या तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती. ग्रॅनोलाची चव तिला आरोग्याकडे नव्हे, खडीच्या ढिगाकडे घेऊन गेली.

म्हणून माझा आक्षेप दोन्ही प्रकारच्या लेखनावर आहे. एक लेखन परक्या शब्दालाच शोध समजते. दुसरे लाह्यांना ‘आपला प्राचीन ग्रॅनोला’ म्हणून मिरवते. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा या दुसऱ्या लेखनाला बहर आला होता. दोहोंतूनही एकच गोष्ट गळते: दाणा कोणी पिकवला, कढईपुढे कोण बसले आणि तो गोड करणारा ऊस कोणी तोडला. बीड जिल्ह्यातली जोडपी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्या श्रमाची साखर पाककृतीत ‘चवीपुरती’ होऊन येते.

जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून टिपल्या. तो संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. दळण गिरणीत गेल्यावर उरले ते त्या टिपणांत. कढई, बोळा, दडपण, गणंग या शब्दांचे असे टिपण कोण करणार? साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी हे काम कमी प्रतीचे मानू नये.

ज्यांना घरी करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी: चार वाट्या ज्वारीच्या लाह्या, एक वाटी भाजलेले शेंगदाणे, पाव-पाव वाटी तीळ व जवस भाजून. पाऊण वाटी गूळ दोन चमचे तेलात वितळवावा, फेस आला की सारे त्यात घोळवून मंद आचेवर कोरडे होईपर्यंत परतावे. त्याला काय म्हणायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. मात्र लाह्या घरीच फोडाव्यात. काही दाणे फुटणार नाहीत. ते वेचून टाकण्यापूर्वी क्षणभर हातात धरावेत. आपल्या लेखनातून आपण नेमके तेच आजवर वेचून टाकत आलो आहोत.