गणकगप्पा : शिळी कृती



या वेळचा विषय ऐकून आमच्या हिने आधीच बजावलंय, "हे कोण वाचणार?" तेव्हा ज्यांच्या घरात कुणी कॉम्प्युटरचं शिकतंय त्यांनी तरी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती. बाकीच्यांनी मधली तांत्रिक नावं गाळून वाचलं तरी गोष्ट कळेल.

कॉम्प्युटरचं बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स पडद्यावर येईपर्यंत जे काही सेकंद जातात, त्या वेळात एक निराळाच प्रोग्रॅम राबत असतो. मेमरी जागी करायची, डिस्क कुठे आहे ते शोधायचं, आणि मग घराच्या किल्ल्या मोठ्या मालकाच्या हाती देऊन बाजूला व्हायचं, हे त्याचं काम. त्याला फर्मवेअर म्हणतात. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हापासून आपण ज्याला बायॉस म्हणत आलो ते हेच. आता त्याची जागा यूईएफआय नावाच्या पद्धतीने घेतली आहे. इंटेलने २००४ साली आपल्या या कामाचा गाभा सर्वांसाठी खुला केला आणि त्यातून टियानोकोर नावाचा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या सध्याच्या सोर्स कोडचं नाव ईडीके-टू. त्यातच ओव्हीएमएफ नावाचा एक भाग आहे. हे फर्मवेअर खऱ्या मशीनसाठी नाही, व्हर्च्युअल मशीनसाठी आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात प्रोग्रॅमने उभा केलेला खोटा कॉम्प्युटर. फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने २००३ साली लिहायला घेतलेला क्यूएमू हा असा खोटा कॉम्प्युटर उभा करणारा नामांकित प्रोग्रॅम.

शिकणाऱ्याला खोट्या मशीनचा फायदा असा, की खऱ्या मदरबोर्डवर फर्मवेअर चुकलं तर बोर्डाची वीट होते. मग त्यावरची चिप वेगळ्या यंत्राने पुन्हा लिहीत बसा. क्यूएमूवर चुकलं तर एक फाईल पुसायची आणि पुन्हा सुरू करायचं. चहाचा कपसुद्धा गार होत नाही.

आता मूळ मुद्दा. आमच्या मंडळाच्या गणपतीत एक मुलगी भेटली. सांगलीची, एमएस करायला आलेली, तिसरं सेमिस्टर. ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला म्हणाली, "काका, तुम्ही सिस्टिम्समध्ये आहात ना? मला एक विचारायचंय." तिच्या लॅबमध्ये काम होतं ते असं : ओव्हीएमएफ स्वतः बिल्ड करायचं, त्यात एक छोटा ड्रायव्हर घालायचा आणि सेमिस्टरच्या मध्यावर प्रोफेसरांना तो चालवून दाखवायचा. लॅबमध्ये बिल्ड कसं करायचं याचं चार पानी टिपण होतं. तीन आठवडे झाले तरी ती पहिल्याच पानावर अडकली होती. "माझं बेसिकच कच्चं असणार. प्रोजेक्ट बदलून मागू का?" असं तिने विचारलं, तेव्हा तिचा चेहरा बघवेना. प्रोजेक्ट बदलणं म्हणजे लॅब बदलणं, आणि असिस्टंटशिप कशावर अवलंबून असते ते इथे एमएस करून गेलेल्यांना सांगायला नको.

पुढच्या शनिवारी ती ते टिपण आणि लॅपटॉप घेऊन घरी आली. टिपणावर तारीख नव्हती, नाव नव्हतं. लिहिणारा केव्हाच पदवी घेऊन गेला असावा. पण खडकाच्या थरांवरून त्याचं वय ओळखतात तसं या कागदाचं वय ओळखता येत होतं.

पहिल्या ओळीत सोर्सफोर्जवरून सबव्हर्जन वापरून सोर्स उतरवा असं लिहिलेलं. हा प्रकल्प गिटवर आणि गिटहबवर जाऊन कितीतरी वर्षं झाली. एवढं तिला कळलं होतं आणि तिने गिटहबवरून नवा सोर्स घेतला होता. पण पुढच्याच परिच्छेदात ओपनएसएसएलची अमुक आवृत्ती वेगळी उतरवा, अमुक फोल्डरमध्ये सोडा आणि हा पॅच लावा, असं होतं. एके काळी ते खरंच तसं करावं लागे. आता ओपनएसएसएल हे गिटचं सबमॉड्यूल म्हणून जोडलेलं असतं आणि सबमॉड्यूल अपडेट करण्याची एक आज्ञा दिली की ते आपोआप योग्य जागी येतं. तिने नव्या सोर्समध्ये जुनं ओपनएसएसएल हाताने कोंबलं होतं. नव्या कुकरला जुन्या कुकरचं झाकण! शिटी होणार कशी?

पायथनचीही तीच गत. टिपण पायथन-टूच्या काळातलं. पायथन-टूची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. नव्या उबुंटूवर नुसतं 'पायथन' म्हटलं तर मशीन ओळखच दाखवत नाही, 'पायथन-थ्री' म्हणावं लागतं.

खरी गंमत मात्र कंपायलरच्या नावात होती. बिल्ड करताना कुठलं कंपायलर वापरायचं हे एका खुणेने सांगतात. टिपणात ती खूण होती 'जीसीसी-फाइव्ह'. आता कुठलाही शहाणा माणूस याचा काय अर्थ घेईल? जीसीसीची पाचवी आवृत्ती. ती आवृत्ती २०१५ सालची, आजच्या लिनक्सबरोबर मिळत नाही. म्हणून या मुलीने जुन्या जीसीसीचा सोर्स शोधून आठवडाभर तोच बिल्ड करण्यात घालवला होता! प्रत्यक्षात त्या खुणेचा अर्थ 'जीसीसी पाच किंवा त्यापुढचं कुठलंही' एवढाच. तिच्या लॅपटॉपवरचं नवं जीसीसी चाललं असतं. हे ज्यांना माहीत होतं त्यांना ते इतकं माहीत होतं की लिहावंसंच वाटलं नाही. पुढे प्रकल्पातल्या मंडळींनाच हे नाव खटकलं असावं. आता ती खूण नुसती 'जीसीसी' अशी झाली आहे.

आणि इथे आणखी एक मेख आहे. बिल्ड झाल्यावर तयार फाईल ज्या फोल्डरमध्ये पडते, त्या फोल्डरच्या नावातच ही खूण असते. म्हणजे तुम्ही वरची आज्ञा दुरुस्त केलीत, बिल्ड व्यवस्थित झालं, आणि दोन पानं पुढे 'आता ही फाईल क्यूएमूला द्या' म्हणून छापलेला पत्ता मात्र जुन्या नावाचा राहिला. फाईल सापडत नाही म्हणून पोरगं समजतं की बिल्डच फसलं. टिपण दुरुस्त करणं म्हणजे चुकीचा शब्द खोडून बरोबर लिहिणं असं अनेकांना वाटतं. तसं ते नाही. एक शब्द बदलला की त्याच्या शेपटाला धरून कुठे कुठे काय हलतं, ते बघत शेवटपर्यंत जावं लागतं.

शेवटचं पान चालवण्याचं. त्यात सगळं फर्मवेअर एकाच फाईलमधून 'बायॉस' हा पर्याय देऊन क्यूएमूला सांगितलं होतं. त्याने मशीन सुरू होतं, नाही असं नाही. पण हिच्या ड्रायव्हरला एक नोंद जपून ठेवायची होती, आणि अशा पद्धतीत मशीन बंद केल्यावर नोंदी टिकण्याची खात्री नसते. त्यासाठी कोडची एक आणि नोंदींची एक अशा दोन फाईली फ्लॅश चिप म्हणून वेगवेगळ्या द्याव्या लागतात, आणि नोंदींच्या फाईलची प्रत्येक मशीनसाठी स्वतंत्र प्रत करावी लागते. शिवाय फर्मवेअर आतून काय बडबडतंय ते ऐकायचं असेल तर क्यूएमूला हेक्स ४०२ क्रमांकाचं पोर्ट एका फाईलला जोडायला सांगावं लागतं. टिपणात हे नव्हतंच. काळ्या पडद्यासमोर बसून माणूस करणार काय?

मी तिला सरळ सांगितलं, "बाई गं, तुझं बेसिक ठणठणीत आहे. हा कागद शिळा आहे." ती गप्पच झाली. मग म्हणाली, "पण सगळे ह्याच्यावरूनच करतात." विचारल्यावर कळलं की तसं नव्हतं. आधीच्या दोघांनी एकमेकांच्या लॅपटॉपवरून तयार फोल्डर उचलले होते. कागदावरून पहिल्यापासून कोणीच केलं नव्हतं, त्यामुळे कागद चुकीचा आहे हे कोणालाच कळलं नव्हतं.

कोड बिघडला तर मशीन लगेच आरडाओरडा करतं. टिपण बिघडलं तर मशीनला त्याचा पत्ताच नसतो. ज्याला काम येतं तो टिपण उघडत नाही, आणि जो उघडतो त्याला काम येत नसतं, म्हणून तो स्वतःला दोष देतो. त्यातून आपली मुलं! छापलेलं आहे म्हणजे बरोबरच असणार, हे शाळेपासून इतकं मुरलेलं असतं की पुस्तक आणि आपण यांच्यात भांडण झालं तर चूक आपलीच. इथली मुलं बेधडक वर्गात हात वर करून "हे चालत नाही" म्हणतात. ती जास्त हुशार असतात असं मला वाटत नाही. पण त्यांचे तीन आठवडे वाचतात.

त्या शनिवारी आणि पुढच्या शनिवारी आम्ही ते टिपण नव्याने लिहिलं. मी म्हणजे फक्त शेजारी बसलो, लिहिलं तिनेच. पहिली अट अशी की तिचा लॅपटॉप वापरायचा नाही, त्यावर तीन आठवड्यांचा पसारा होता. कोऱ्या उबुंटूचं एक व्हर्च्युअल मशीन उभं करायचं आणि कागदावर आहे तेच, अक्षर न अक्षर, तिथे करायचं. कागदावर नसलेली एक गोष्ट हाताने केली की थांबायचं आणि ती आधी कागदावर लिहायची. पहिल्या अर्ध्या तासात असे चार थांबे आले. नॅझम हवं, आयएएसएल हवं, यूयूआयडीची लायब्ररी हवी. तिच्या मशीनवर ही सगळी कधीतरी घातलेली, म्हणून तिला आठवणसुद्धा नव्हती.

दुसरी अट : प्रत्येक आज्ञेखाली ती का, हे एका वाक्यात लिहायचं, आणि बरोबर झालं तर पडद्यावर काय दिसेल तेही. आईच्या हातची आमटीची कृती आठवा. 'चिंच घाला' एवढंच लिहून भागत नाही, 'उकळी फुटून वास बदलला की' हे लागतं.

एका बाबतीत आमचा वाद झाला. तिचं म्हणणं, जुन्या पायऱ्याही खाली ठेवू, कुणाकडे जुना सोर्स असला तर? मी म्हटलं, काढून टाक. दोन कृती एका कागदावर असल्या की दमलेला माणूस हटकून चुकीची उचलतो. जुनी प्रत गिटमध्ये राहतेच, ज्याला इतिहास हवा तो उकरून काढेल. शेवटी तिने काढल्या, पण जरा नाखुषीनेच.

ईडीके-टूची एक सोय इथे कामी आली. आपल्या या अंकासारख्याच त्यांच्या स्थिर आवृत्त्या दर तीन महिन्यांनी येतात, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, आणि त्यांच्या नावातच वर्ष आणि महिना असतो. टिपणाच्या डोक्यावर तिने लिहिलं : अमुक आवृत्तीवर, अमुक उबुंटूवर, अमुक तारखेला करून पाहिलं. ही एक ओळ जुन्या टिपणावर असती तर तिचा पहिला आठवडा तरी नक्की वाचला असता.

आणखी एक खुबी तिला दाखवली. या प्रकल्पात कुणीही कोडमध्ये बदल सुचवला की त्यांची स्वयंचलित तपासणी ओव्हीएमएफ बिल्ड करते, क्यूएमूवर चालवून बघते आणि यूईएफआयच्या शेलपर्यंत पोचतं का ते पाहते. त्या तपासणीच्या पायऱ्या सोर्सबरोबरच एका फाईलमध्ये लिहिलेल्या असतात. त्या शिळ्या झाल्या तर तपासणीच बंद पडेल, म्हणून त्या शिळ्या होत नाहीत. कागद आणि ती फाईल यांच्यात तफावत दिसली तर फाईलवर विश्वास ठेवावा. तिने प्रोफेसरांना विचारून लॅबमध्येही तसंच छोटं काहीतरी केलं. दर रविवारी रात्री एक मशीन टिपणातल्याच आज्ञा उचलून कोऱ्या उबुंटूवर चालवतं, आणि शेलचा प्रॉम्प्ट आला नाही तर ईमेल पाठवतं.

दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी, कोऱ्या मशीनवर, एकही गोष्ट हाताने न करता टियानोकोरचं चिन्ह पडद्यावर आलं आणि पाठोपाठ शेल. आमच्या हिने तोवर पोहे केले होते, ते तसेच राहिले. तिला तिथेच ड्रायव्हर घालून बघायचा होता. तो मात्र त्या दिवशी चालला नाही. पण चूक कोडमध्ये होती, आणि कोडमधली चूक शोधायला ती मुळीच घाबरत नव्हती. मंगळवारी फोन आला, चालला म्हणून. प्रोफेसरांना ठरल्या दिवशी दाखवूनही झालं.

येत्या मे महिन्यात ती पदवी घेऊन बाहेर पडेल. टिपण तिने लॅबमधल्या एका नव्या चिनी मुलाकडे सोपवलं आहे. त्याला सांगितलंय, पहिल्या ओळीपासून कर, मला काही विचारू नकोस, आणि जिथे अडशील तिथे खूण कर. पहिल्याच दिवशी त्याने दोन खुणा केल्या.