वाचलं तसं सांगते



“पुस्तक कसं आहे हो?” असं कुणी विचारलं की आपल्यातल्या बहुतेकजणी “छान आहे” म्हणून मोकळ्या होतात. भाजीत मीठ कमी पडलं तर आपण लगेच सांगतो. साडीचा रंग पहिल्याच धुण्याला गेला तर दुकानदाराला चार शब्द सुनावून येतो. मग पुस्तकाचीच एवढी भीड का बाळगायची? लेखक मोठा आहे, पुस्तकाला पारितोषिक आहे, सगळे चांगलं म्हणतात, म्हणून आपणही मान डोलवायची? पुस्तक वाचायला वेळ आपला गेलेला असतो. तेव्हा मतही आपलंच असावं.

वेळेचं म्हणाल तर सोलापूरचा उन्हाळा या बाबतीत आपल्यावर मेहेरबान आहे. दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कुणी येत नाही, आपणही कुठे जात नाही. ओटा आवरून, खिडकीला ओलं पातळ लावून बसलं की हे चार तास आपले. गावात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं वाचनालय आहे, शेजारणींची कपाटं आहेत. या उन्हाळ्यात पाच पुस्तकं वाचून झाली. त्यांतली काही नव्यानं, काही पुन्हा एकदा. वाचलं तसं सांगते. पटलं नाही तर भांडायला मोकळ्या आहात.

ययाति

सुरुवात थोरल्या पुस्तकापासून. वि. स. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ सालची. साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला, आणि १९७४ चं ज्ञानपीठही खांडेकरांकडे आलं. मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ. आपल्या आयांनी ती उशाशी ठेवून वाचलेली.

भाषा गोड आहे, यात वाद नाही. पण पानोपानी सुभाषितं आहेत. पहिली पन्नास पानं आपण वहीत वाक्यं उतरवून घेतो, पुढे हात दुखायला लागतो. सगळी पात्रं इतकं सुंदर बोलतात की राजा कोण आणि दासी कोण, हे बोलण्यावरून कळत नाही.

माझी खरी तक्रार देवयानीबद्दलची आहे. कथा ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून आळीपाळीनं येते, म्हणजे देवयानीलाही बोलायची संधी आहे. तरी वाचकाची माया जाते ती शर्मिष्ठेकडे. देवयानी गर्विष्ठ आहे, खरं आहे. पण नवऱ्यानं तिच्या पाठीमागे दुसरीशी संबंध ठेवला, मूल झालं, आणि हे कळल्यावर संतापलेली बाईच अहंकारी ठरली! शांत राहिली असती तर तिला कुणी देवी म्हटलं असतं. आपल्या आसपास असे न्यायनिवाडे रोज होतात, म्हणून मला ते जास्त टोचलं. कादंबरी जरूर वाचा, पण देवयानीची बाजू लेखकापेक्षा थोडी जास्त ऐकून घ्या.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा

नाकं मुरडू नका. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव, आणि त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर जाते. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड ही मंडळी एके काळी घराघरांत पाहुण्यासारखी वावरत होती. या पुस्तकांनी किती माणसांना वाचायची गोडी लावली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

मी दोन दुपारींत तीन वाचल्या. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या, यातच काय ते आलं! वाक्यं तोकडी, प्रकरणं छोटी, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दार वाजतं नाहीतर दिवा जातो. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर आठ दिवसांनी त्यांतल्या एकीचीही गोष्ट मला नीट सांगता येईना. चुरमुऱ्यांसारखं आहे ते. खाताना हात थांबत नाही, पोट मात्र भरत नाही. प्रवासात, आजारपणात, कुणाच्या उशापायथ्याशी जागरण करताना अशी पुस्तकं हवीतच. ती लपवून वाचायचं काही कारण नाही.

रुचिरा

“पुस्तकांच्या सदरात स्वयंपाकाचं पुस्तक कसं?” असं विचाराल. अहो, आपल्या घरात सगळ्यांत जास्त वेळा उघडलं जाणारं, हळदीचे डाग पडलेलं पुस्तक तर तेच असतं! कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली. मराठीत पाककृतींची पुस्तकं त्याआधीही होती. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ तर १९१० सालचं. पण कमलाबाईंनी वाटी आणि चमचा ही मापं धरून लिहिलं आणि नव्या सुनेच्या मनातली धडधड कमी केली. ‘अंदाजानं घाल’ हे सासूबाईंचं उत्तर ऐकून जी रडकुंडीला आली असेल तिला या वाटीची किंमत कळेल.

मी हे पुस्तक यंदा ओट्याशी उभी राहून नाही, तर खुर्चीत बसून कादंबरीसारखं वाचलं. लिखाण नेमकं आहे, एक शब्द वायफळ नाही. लिहिणाऱ्या बाईंनी तो पदार्थ शंभर वेळा केलेला आहे, हे वाचताना कळतं. पुष्कळ थोर लेखकांनी ही काटकसर शिकण्यासारखी आहे.

दोन गोष्टी मात्र सांगते. एक, प्रत्येक घरची वाटी निराळी, म्हणून एक वाटी मापाला कायमची नेमून ठेवा आणि तिच्यात दुसरं काही वाढू नका. दुसरी, मापाचं तिखट सोलापूरच्या जिभेला पुरेल असं समजू नका. आणि आपली पातळ, कडक भाकरी कुठल्याच पुस्तकातून येत नाही. ती थापणाऱ्या हाताशेजारी बसूनच शिकावी लागते. पुस्तकाची हद्द कुठे संपते तेही आपल्याला कळलं पाहिजे.

यक्षांची देणगी

विज्ञानकथा म्हटलं की आपण ती मुलांकडे सरकवतो. तसं करू नका. जयंत नारळीकरांचा हा संग्रह १९७९ सालचा. पहिली कथा ‘कृष्णविवर’ त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं. आपल्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाबाईंच्या हस्ताक्षरात उतरवून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मंगलाबाई स्वतः गणिताच्या विदुषी, ‘गणितगप्पा’ हे पुस्तक त्यांचंच. त्या २०२३ साली गेल्या, आणि नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात.

कथा वाचायला अवघड नाहीत. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ मध्ये आरशातल्या डाव्या-उजव्याची अशी गंमत केली आहे की वाचून झाल्यावर मी उठून आरशासमोर उभी राहिले. पण सगळ्यांत जास्त मनात राहिली ती ‘पुत्रवती भव’. मुलगाच हवा या हव्यासाची ती कथा. १९७९ सालचं पुस्तक, लक्षात घ्या. गर्भलिंग तपासण्यावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला, तोही देशात पहिला. केंद्राचा कायदा १९९४ चा. म्हणजे कायद्याला जाग यायच्या आधी गोष्ट लिहून झाली होती. दारात बारशाचं आमंत्रण आलं की “काय झालं?” हा प्रश्न आपण कोणत्या सुरात विचारतो, ते ही कथा वाचल्यावर एकदा तपासून बघा.

उणं काय? या कथांतल्या बायका मला फारशा भेटल्याच नाहीत. शास्त्रज्ञ, अधिकारी, पत्रकार जिवंत होतात. बायका मात्र चहाचा ट्रे ठेवून आत गेल्यासारख्या वाटतात. घरात गणिताचा एवढा मोठा अधिकार असलेली बाई असताना कथेत तशी एखादी यायला हवी होती, असं मला वाटून गेलं.

माज्या जल्माची चित्तरकथा

हे पुस्तक मुद्दाम शेवटी ठेवलं. लेखिका शांताबाई कांबळे आपल्या जिल्ह्यातल्या. १९२३ साली महूदला, महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९४२ साली त्या सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या, १९८१ साली निवृत्त झाल्या आणि मग लिहायला बसल्या. ‘पूर्वा’ मासिकातून आधी क्रमशः आलेलं हे लिखाण १९८६ साली पुस्तक झालं. पुढे त्यावर दूरदर्शनवर ‘नाजुका’ मालिकाही झाली. शंभरी पुरी व्हायला जेमतेम महिना राहिला असताना, २०२३ च्या जानेवारीत त्या गेल्या.

नावातच बघा. ‘माझ्या जन्माची’ असं शुद्ध करून घेतलेलं नाही. आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन शिकवलेल्या बाई स्वतःची गोष्ट मात्र घरच्या बोलीत सांगतात. लहानपणची भूक, शाळेची ओढ, जातीमुळे पावलोपावली झालेला अपमान, हे सगळं त्या आवाज न चढवता सांगतात. रडत नाहीत आणि आपल्यालाही रडायला सांगत नाहीत. ज्या रस्त्यांनी आपण पंढरपूरला, सांगोल्याला जातो, त्याच मुलखातली एक पोर काय सोसून शिकली, हे वाचताना माझी मान खाली गेली.

आमच्या भिशीतल्या एका वहिनींना पुस्तक दिलं होतं. चार दिवसांनी परत करताना त्या म्हणाल्या, “अगं, हे सगळं जुनं कशाला उकरून काढायचं? आता कुठे राहिलंय असं?”

मी म्हटलं, “वहिनी, आपण पाडव्याला ‘ययाति’ वाचतो, ते तर युगांपूर्वीचं. त्याला जुनं म्हणत नाही.”

वहिनी गप्प बसल्या. पण पुस्तक परत माझ्या हातात न देता त्यांनी पिशवीत टाकलं, एवढं मी बघितलं.

याच्याबरोबर बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचा. ते १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून, म्हणजे आपल्यासारख्याच बायकांसाठी निघणाऱ्या पानांतून, पहिल्यांदा लोकांसमोर आलं. फलटणला दुकानात बसून, सामान गुंडाळायला आणलेले रद्दीचे कागद वाचत वाचत या बाईंची वाचनाची भूक वाढली. आणि लिहिलेलं त्यांनी कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. बाईनं लिहिणं ही कोनाड्यात दडवायची गोष्ट होती!

शांताबाईंच्या पुस्तकाबद्दलही मनातलं सांगते, नाहीतर वर एवढं बोलले त्याला काय अर्थ? प्रसंग फार छोटे आहेत. जिथे आपण थांबावं, बाईंजवळ बसावं, असं वाटतं तिथे त्या पुढच्या गोष्टीकडे वळतात. माणसंही पुष्कळ येतात आणि ओळख व्हायच्या आत जातात. नोकरी, मुलं, संसार सांभाळून त्यांच्या मनात काय चाललं असेल, ते आणखी शंभर पानं लिहून सांगितलं असतं तर मला हवं होतं. पण हा दोष मी तक्रार म्हणून नाही, भूक राहिली म्हणून सांगते. पाचही पुस्तकांतलं एकच घरात ठेवायचं झालं तर मी हेच ठेवीन.

आता एक सुचवते. पुढच्या भिशीला प्रत्येकीनं वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल दोन वाक्यं बोलायची. एक आवडल्याचं, एक न आवडल्याचं. “छान आहे” म्हणणारीला दंड म्हणून पुढच्या वेळचा चहा! सुरुवातीला जीभ अडखळेल. सून सासूच्या आवडत्या पुस्तकाला नावं कशी ठेवणार, शेजारीण काय म्हणेल, असं वाटेल. पण पुस्तकाच्या निमित्तानं सरळ बोलायची सवय झाली की घरातल्या चार गोष्टींतही आपलं मत कुणीतरी विचारायला लागतं, हे मी आमच्या भिशीत बघते आहे.

जाता जाता, या पानाच्या रिवाजाप्रमाणे एक घरगुती सूचना. पावसाळ्यापूर्वी कपाटातली पुस्तकं काढून कोरड्या फडक्यानं पुसा. ऊन कडक असतं, म्हणून ती उन्हात न मांडता सावलीत वाऱ्यावर ठेवा, नाहीतर पानं पिवळी पडून डिंक सुटतो. कडुलिंबाचा पाला सावलीत खडखडीत वाळवून पातळ कापडाच्या पुरचुंड्यांत बांधा आणि कप्प्यांत ठेवा, कसर लागत नाही. ओला पाला पानांत घालू नका, डाग पडतात. आणि पानाचा कोपरा दुमडण्यापेक्षा ब्लाउजपिसाच्या कापडाची एक चिंधी खूण म्हणून घाला.

तुम्ही अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं आणि ते का सोडलंत, तेही कळवा. न आवडल्याची पत्रं आधी वाचीन.