अर्क उकळायला भट्टी कोणती, भांडं कोणतं

दोन दिवसांपूर्वी अग्निअस्त्राचा फोटो टाकला होता. त्याखाली किती दिवस ठेवायचं, कोणत्या अळीवर चालतं, हे कमी जणांनी विचारलं. जास्त जणांनी विचारलं की नाना भट्टी कोणती घेतली आणि ते भांडं कुठून आणलं. म्हणून आज नुसतं त्याच्यावरच लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वर्षातून चार-पाच वेळा वीस लिटर उकळणाऱ्या शेतकऱ्यानं गॅसची मोठी भट्टी विकत घेऊ नये. पैसा घालायचाच असेल तर भांड्यात घालावा. इथं बरोबर उलटं चाललंय. प्रदर्शनात स्टॉलवर लालभडक रंगाची भट्टी, उंच स्टँड, नळी, रेग्युलेटर आणि सोबत एक पातळ पत्र्याचं पातेलं, असा 'सेट' ठेवलेला असतो. मला साडेनऊ हजार सांगितले. पातेलं हातात धरलं तर बोटानं दाबलं जात होतं. आग दाखवायला चांगली दिसते म्हणून आपण भट्टी बघतो, पण अर्क भट्टीत नाही शिजत, भांड्यात शिजतो.

आता हिशेब. वीस लिटर पाणी 25 अंशावरून 100 अंशावर न्यायला 1500 किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे विजेचे पावणेदोन युनिट. एक किलो गॅसमध्ये साधारण 11,000 किलोकॅलरी असतात. उघड्यावर निम्मी उष्णता वाया गेली असं धरलं तरी एका उकळीला पाव किलोच्या थोडा वर गॅस जातो. पुढं मंद आचेवर ठेवायला अजून थोडा. म्हणजे वर्षाला पाच वेळा केलं तरी दोन-अडीच किलोच्या आत. एवढ्या गॅससाठी साडेनऊ हजार गुंतवायचे? आणि घरचं लाल सिलिंडर या कामाला वापरायची परवानगी नाही, हेही त्या स्टॉलवाल्यानं सांगितलं नाही. शिवाय ती भट्टी जास्त दाबाची. तिला घरचा रेग्युलेटर चालतच नाही, नुसती फुरफुरते. मग वेगळा रेग्युलेटर, वेगळं सिलिंडर, खर्च वाढतच जातो.

आपल्याकडं पऱ्हाट्या फुकट पडल्या आहेत. बांधावर जाळून मोकळे होतो आपण. एक किलो वाळल्या काटकीत 4000 किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर त्यातली दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते, बाकी वाऱ्याला. म्हणजे उकळी यायला तीनेक किलो पऱ्हाट्या. तीच चूल तीन बाजूंनी बंद केली, भांडं आणि भिंत यांच्यात दोन बोटांचीच फट ठेवली, खाली लोखंडी जाळी टाकून हवा खालून येऊ दिली, की निम्म्यात काम होतं. धूरही कमी. मी भट्टीच्या जुन्या विटा वापरल्या, चोवीस लागल्या. मातीनं लिंपल्या. जाळी म्हणजे मोडक्या कूलरची. चुलीचं तोंड पश्चिमेला ठेवू नका, पावसाळ्यात वारा तिकडूनच येतो आणि जाळ उलटा बाहेर येतो.

पण एक गोष्ट. पऱ्हाट्या तशाच ढीग लावून पावसाळ्यापर्यंत ठेवायच्या नाहीत. अर्धवट उमललेल्या, किडक्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या कपाशीवर येते. ज्या अळीसाठी औषध उकळायचं, तिलाच आपण घर बांधून द्यायचं, असं होतं. मी बोंडं झोडून वेगळी जाळतो, जाड खोडं हातभर तोडतो आणि तेवढ्याच दोन मोळ्या गोठ्याच्या आढ्याला ठेवतो. तेवढ्यात वर्षभर भागतं. हे करायचा कंटाळा असेल तर बाभळीची फांदी वापरा, पऱ्हाटी ठेवू नका.

आता भांडं. इथं जरा थांबून वाचा.

जर्मनचं पातेलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यांच्या घरात. पण ते या कामाला नाही. गोमूत्र साठवलं की त्यात अमोनिया तयार होतो, वास येतो तोच. ते द्रावण जर्मनला खातं. आतून काळं पडतं, मग बारीक खड्डे. तांबं-पितळ तर मुळीच नको, अमोनिया त्याला जास्तच लागतो, निळसर-हिरवं पाणी उतरतं. आजोबांचा पितळी हंडा रिकामा पडलाय म्हणून वापरू नका, तो मोडीत दिला तरी जास्त कामाला येईल. तेलाचा पंधरा किलोचा डबा एक-दोन वेळा चालतो, पण सांध्यातून गंजतो आणि भरल्यावर उचलायला कान नाहीत. उकळतं पाणी असलेला डबा फडक्यानं धरून उचलणारी माणसं मी बघितली आहेत. कीटकनाशकाचा रिकामा ड्रम तर कितीही धुतला तरी नाही.

मातीचं मडकं जुनी माणसं सांगतात, आणि ते खरंही आहे, त्याला काही लागत नाही. पण एवढं मोठं मडकं आता कुंभाराला सांगून करून घ्यावं लागतं. आच एकदम वाढली किंवा गरम मडक्यावर पावसाची सर आली की तडकतं. पाच लिटरला ठीक.

राहिलं स्टील. स्टील किलोवर मिळतं, म्हणून दुकानदार वजन करण्याआधीच बूड वाजवून बघा. पातळ बुडाचा आवाज थाळीसारखा येतो, जाड बुडाचा बसका. बूड पातळ असलं की कडुनिंबाचा आणि मिरचीचा गाळ खाली बसून करपतो. चुंबक लावून स्टील ओळखायची पद्धत अर्धवट आहे. चुंबक चिकटलं तर ते 304 नाही हे बहुधा खरं. पण नाही चिकटलं म्हणजे 304 आहे असं नाही, कारण स्वस्त 202 लाही चुंबक चिकटत नाही. आपल्या कामाला 202 सुद्धा चालतं, फक्त 304 चा भाव देऊ नका.

मी माझं भांडं एका आचाऱ्याकडून जुनं घेतलं. लग्नसराई संपली की केटरिंगवाले पोचे पडलेले टोप काढतात. पोचा बाजूला असला तर हरकत नाही, बुडाला नको. कान रिबिटाचे आहेत का बघा, नुसते झाळलेले असले तर भरलं भांडं उचलताना सुटतात.

माप किती? वीस लिटर उकळायला वीस लिटरचं भांडं घेणारे खूप. गोमूत्राला फेस येतो, दुधासारखं उतू जातं आणि ते जाळावर पडलं की त्या वासात उभं राहवत नाही. दीडपट तरी घ्या. दुकानात माप लिहिलेलं नसतं, तर टेप घेऊन जा. व्यासाचा निम्मा करायचा, त्याला त्यानेच गुणायचं, मग 3.14 नं आणि उंचीनं गुणायचं, 1000 नं भागायचं. 35 सेंटीमीटर व्यास आणि 35 उंची असेल तर साडेतेहतीस लिटर होतात. मला हेच माप बरं वाटलं. पसरट कढईत वाफ जास्त जाते, उभट ड्रमला खालून आच पुरत नाही.

गंमत म्हणजे हेच माप माझ्या भाच्यानं न्यू जर्सीतून सांगितलं. तो तिकडं घरी बिअर करतो. तिकडं 1978 च्या कायद्यानं हौशी माणसाला घरापुरती बिअर करायची मोकळीक आहे. आपल्याकडं 1949 चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी करता येत नाही, म्हणून कुणी नवा धंदा सुचवू नका. तर तो म्हणाला, "मामा, आमचा घाणा पाच गॅलनचा, म्हणजे एकोणीस लिटर. जवाचं पाणी उकळलं की फेस असा वर येतो की भांडं तीस लिटरच्या पुढचंच लागतं." त्यानं पण आधी मोठी प्रोपेनची भट्टी घेतली होती. आता ती गॅरेजमध्ये पडून आहे आणि तो स्वयंपाकघरात दहा लिटर करतो. तिकडचा डॉलरवाला माणूस जे शिकला ते आपण फुकट शिकू. इकडं मी चूल पेटवली की रस्त्यानं जाणारा विचारतोच, "काय नाना, हातभट्टी लाई का?"

पाण्यात सोडायचा विजेचा रॉड काही जण सुचवतात. 1500 वॅटचा रॉड वीस लिटरला सव्वा तास घेईल, हिशेबानं ठीक आहे. पण गोमूत्रात क्षार असतात, रॉडवर थर बसतो, आणि स्टीलच्या भांड्यात, ओल्या जमिनीवर, शेतातल्या अर्थिंगच्या भरवशावर हे करायचं? मी नाही करणार.

गटानं काम करत असाल, दर आठवड्याला शंभर-दोनशे लिटर लागत असेल, तर गॅसची भट्टी घ्या, तिथं पैसे वसूल होतात. व्यावसायिक सिलिंडर घ्या. सिलिंडर भट्टीच्या पातळीवर मोकळ्या जागेत, नळी पुरेल तेवढं लांब. विटांचा आडोसा भट्टीला करा, सिलिंडरला नको. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खोलगट जागेत साचतो, म्हणून विहिरीजवळ किंवा खड्ड्यात भट्टी मांडू नका.

माझं माप विचारलं होतं: वीस लिटर गोमूत्र, दोन किलो कडुनिंबाचा पाला, अर्धा-अर्धा किलो तंबाखू आणि हिरवी मिरची, पाव किलो लसूण. पद्धत पाळेकर गुरुजींची, प्रमाणं गावोगाव थोडी बदलतात. उकळी आली की जाळ ओढून घ्या, खदखदा उकळत ठेवू नका. तोंडाला रुमाल, हातात मोजे आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहा. तंबाखूतलं निकोटिन कातडीतूनही अंगात जातं, लेकरांना जवळ येऊ देऊ नका.

आणि म्हणूनच हे भांडं पुन्हा घरात जायचं नाही. घासून चकचकीत केलं तरी नाही. आमच्याकडं भरीत पार्टीला शेतात पंधरा-वीस माणसं जमतात, भांडी कमी पडतात, आणि हाताशी तेच मोठं स्टीलचं पातेलं दिसतं. मी त्याच्या दोन्ही कानांना लाल ऑइलपेंट लावलाय आणि बाजूला मोठ्या अक्षरात 'औषध' लिहिलंय. झाकणावर पण लिहिलंय, कारण झाकण वेगळं फिरतं. पाणी तापवायला, गुरांच्या ढेपेला, कशालाच नाही. नवीन घेणार असाल तर रंगाची छोटी डबी भांड्यासोबतच घेऊन या.